चालवणाऱ्याच्या बाजूचा स्पीकर

मिस्त्रीने दाराच्या आतल्या कव्हरच्या फटीत प्लास्टिकची पट्टी सरकवली आणि मनगटाने एक हिसका दिला. आत कुठेतरी क्लिप सुटल्याचा आवाज झाला.

"सावकाश," शेजारी उभा असलेला गाडीचा म्हातारा मालक म्हणाला.

"काका, ती सुटायलाच बनवलेली असते."

"माहीत आहे. तरी सावकाश."

मिस्त्रीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुढची क्लिप खरंच हळू काढली. म्हाताऱ्याने हात पाठीमागे बांधून घेतले. त्याचा जन्म सुतारकामात गेला होता. दुसरा माणूस एखादा जोड उचकटू लागला की त्याची बोटं शिवशिवायची.

दुकान म्हणजे एक गाडी जेमतेम मावेल अशी शेड होती. भिंतीला ताटल्यांसारखे स्पीकर टांगलेले होते. लेक बाकावर बसून फोन बघत होती.

"बाबा, इकडे येऊन बसा. त्यांना काम करू द्या."

"मी काय करतोय?"

"हातांनी काही नाही. डोळ्यांनी करताय."

तो बाकावर जाऊन बसला, पण दार दिसेल असा.

गाडी बायकोची. ती नर्स होती, हॉस्पिटल गावाबाहेर, पाळ्या वेळीअवेळी, म्हणून ही लहान गाडी घेतली. गाडी चालवायला दोघं बरोबरच शिकले. पहिल्याच आठवड्यात त्याने कुणाच्या तरी फाटकाचा खांब पाडला आणि किल्ली तिच्या हातात दिली ती कायमची. पुढे सगळी वर्षं ती चालवायची आणि तो शेजारी बसायचा. ती गेल्यावर त्याने पुन्हा स्टिअरिंग धरलं. अजूनही तो आधी शेजारच्या दाराशी जायचा, हँडलला हात लावायचा आणि मग वळसा घालून चालवणाऱ्याच्या बाजूला यायचा.

आणि गाडीचा आवाज गेला होता. पूर्वी गाणं कसं भरून यायचं. आता ते शेजारच्या घरात कुणीतरी लावल्यासारखं वाटायचं. मोठं करावं तर नुसतं खरखरायचं. ती गेली आणि गाडीचा आवाजही गेला, असं तो भेटेल त्याला सांगत होता. ऐकणारे मान हलवायचे. त्यांना वाटायचं, म्हातारा बायकोबद्दल बोलतोय. तो स्पीकरबद्दल बोलत होता.

लेकीने फोनवर सांगितलं, स्पीकरला धाड भरलेली नाही, कान तपासून घ्या. त्याने कान तपासून घेतले. कान ठणठणीत निघाले. मग त्याने जाहीर केलं, की गाडी वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना देऊन टाकायची. त्यांना हवीच आहे. त्या गाडीत आता बसवत नाही.

हे ऐकल्यावर लेक सुट्टी काढून आली. गाडी गेली तर हा माणूस उंबरा ओलांडणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तिने सरळ अट घातली. आपण स्पीकर बदलू. आवाज आला तर गाडी राहील. नाही आला तर मी स्वतः बाईंना किल्ली देऊन येईन.

त्याने कबूल केलं. आवाज येणार नाही याची त्याला खात्री होती.

मिस्त्रीने दोन्ही दारांतले स्पीकर काढून बाकावर आणून ठेवले. या गाडीला दोनच होते. त्याने एकाच्या कागदी पडद्यावर बोट ठेवून हलकेच दाबलं, मग दुसऱ्याच्या.

"काका, यातला एक मध्ये कधी बदलला होता का?"

"नाही. कंपनीचेच आहेत."

"मग हे बघा. हा शेजारच्या सीटकडचा. कड विरली आहे, पडदा सैल पडलाय, पार दमलाय बिचारा. आणि हा तुमच्या बाजूचा. काल खोक्यातून काढल्यासारखा. दोघं सख्खे भाऊ, एक राब राब राबला आणि एकाने बसून खाल्लं."

"असं प्रत्येक घरात असतं," लेक म्हणाली. मोठ्या भावाचं तिच्या मनात काहीतरी होतं.

तो हसला नाही. त्याने तो नवाकोरा स्पीकर उचलला आणि उलटसुलट करून पाहिला. आपल्याकडच्या दारातला खराब असणार, असं तो इतके दिवस धरून चालला होता.

"म्हणजे बिघडलेला तिकडचा?"

"दमलाय, पण वाजतो. सकाळी मी त्या सीटवर बसून ऐकलं ना. तुमच्या बाजूला वाजत नव्हता, म्हणून मला वाटलं हा जळलाय. जळलेला तर दिसत नाही. असो. नवे बसले की कळेलच."

नवे बसले. मिस्त्रीने दाराच्या पत्र्याला आतून काळे जाड पट्टे चिकटवले, म्हणजे पत्रा थरथरणार नाही. वायरी जोडल्या, कव्हर लावलं, मुठीने ठोकून क्लिपा बसवल्या. मग चालवणाऱ्याच्या सीटवर बसून गाणं लावलं आणि कपाळाला आठी घातली. आवाज अजूनही शेजारच्या दारातूनच येत होता.

"बघ," तो लेकीला म्हणाला. त्याचा स्वर जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

मिस्त्री डॅशबोर्डवरच्या स्क्रीनवर बोटं फिरवत राहिला. एका चौकटीत एक ठिपका दिसला. चौकट म्हणजे गाडी आणि ठिपका म्हणजे आवाज. ठिपका मधोमध असायला हवा. तो शेजारच्या सीटकडच्या कडेला नेऊन चिकटवलेला होता.

"हा असा कोणी नेला?"

"मी हात लावलेला नाही," तो म्हणाला.

"तुम्ही कशाला लावाल? आई या बटणांना कुणाला बोट लावू द्यायची का?" लेक उठून आली. "मी एकदा स्टेशन बदललं तर केवढी ओरडली होती."

"मग माझीच चूक," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही स्पीकर गेला म्हणालात आणि मी पाना उचलला. आधी इथे बघायला हवं होतं. काका, तुमचा स्पीकर धड होता. त्याला गाणंच मिळत नव्हतं. आवाज सगळा शेजारच्या सीटला."

तो दाराला धरून उभा राहिला. म्हणजे गाडीचा आवाज गेला नव्हता. बसायची जागा बदलली होती. आणि या जागेवरून ऐकू येणारं हे दूरचं, पातळ गाणं ती इतकी वर्षं ऐकत होती.

"तुमच्यासाठी केलं असेल," लेक हळूच म्हणाली. "तुम्हाला नीट ऐकू यावं म्हणून."

"माझे कान तेव्हा तुझ्याइतकेच चांगले होते."

"मग?"

"तेच तर." त्याने दारावरचा बोटाचा डाग बाहीने पुसला. "चांगलं गाणं सगळं मला दिलं आणि स्वतः कोरडी बसली. एका शब्दाने बोलली नाही. मी वर तिलाच म्हणायचो, तुला गाण्यातलं काय कळतं." मग तो मिस्त्रीकडे वळला. "तू ते मधोमध आण. आणि संपव. गाडी तशीही द्यायचीच आहे."

"बाबा, ठरलंय काय आपलं? आवाज आला तर राहील."

"आवाजाचं काय घेऊन बसलीस?"

"तुम्हीच घेऊन बसला होतात!"

मिस्त्रीने दोघांच्या मधून हात घातला. "भांडण घरी. आधी दोघं आत बसा. मी आधीचा आणि आत्ताचा, दोन्ही ऐकवल्याशिवाय गाडी सोडत नाही. काका चालवायच्या जागी, ताई शेजारी. काचा वर."

दोघं बसली. मिस्त्री मागच्या सीटवर शिरला आणि दोन सीटांच्या मधून पुढे वाकला. म्हाताऱ्याच्या बायकोच्या पेनड्राइव्हवरचं एक जुनं गाणं त्याने लावलं.

"हा आधीचा."

ठिपका कडेलाच होता. गाणं पलीकडच्या दारातून, लेकीच्या गुडघ्याजवळून येऊ लागलं. तिकडे ते भरून येत असणार, कारण लेकीने डोकं मागे टेकवलं आणि नकळत गुणगुणायला लागली. मग शब्दही आले. अर्धे बरोबर, अर्धे मनाचे. सूर जरा खाली. त्याला तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"आणि हा आत्ताचा." मिस्त्रीने ठिपका मध्ये आणला.

गाडी गाण्याने भरली. ढोलकीची थाप त्याच्या पायाशी बसली, गाणारी बाई जणू समोरच्या काचेत उभी राहिली. इतकं स्वच्छ त्याने कधी ऐकलं नव्हतं. "वा," त्याच्या तोंडून गेलं. त्याने वळून पाहिलं. लेकीचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता.

"पुन्हा आधीचा लाव," तो म्हणाला.

"फरक कळला ना काका?"

"लाव."

गाणं पलीकडे गेलं आणि लेकीचा आवाज परत आला. ती तल्लीन होती. कडव्याच्या शेवटी तिने एक शब्द भलताच घेतला आणि तो बघतोय हे लक्षात येऊन थांबली.

"काय? चुकले?"

"तिथे तो शब्द नाही."

"तुम्ही तोच म्हणायचात!" ती हसली. "मागच्या सीटवर बसून तुमचं ऐकून ऐकून माझी सगळी गाणी चुकीची पाठ झाली आहेत. घरी कधी तोंड उघडायचा नाहीत आणि गाडीत बसलात की घरापासून पोचेपर्यंत गळा सोडून. मी म्हणायचे, आई, त्यांना थांबव. ती आरशातून माझ्यावर डोळे वटारायची."

त्याने समोरच्या आरशाकडे पाहिलं. आरशात मिस्त्री दिसत होता. त्याने आरसा जरा हलवला आणि पुन्हा होता तसा केला.

"मग मधोमध ठेवतो," मिस्त्री म्हणाला आणि बोट पुढे केलं.

त्याने मिस्त्रीचं मनगट धरलं. "नको. आहे तिथे राहू दे."

"काका, माझ्या दुकानाची अब्रू जाईल. नवे स्पीकर घातले आणि चालवणाऱ्याला गाणंच नाही. तुम्हाला काय ऐकू येणार?"

"येतंय मला."

मिस्त्रीने लेकीकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. तो पुटपुटत खाली उतरला आणि शेडचं दार पूर्ण उघडायला गेला.

"मग मास्तरीणबाईंना काय सांगू?" तिने विचारलं.

"त्यांना म्हणावं, दुसरी बघा." त्याने किल्ली फिरवली, गाडी सुरू केली आणि मागे वळून नीट पाहून हळूहळू बाहेर काढली. गाडी रस्त्याला लागली. गाणं पलीकडच्या दारात चालूच होतं.

"थांबलीस का?" तो म्हणाला.

"पुढचं येत नाही मला."

"मग मागचंच म्हण."