शेवटच्या पानावरची सही

रसायनशास्त्राच्या बाईंना कॉलेजच्या मूल्यांकनाचं भारी कौतुक. समिती येणार म्हटलं की बाकीचे प्राध्यापक कपाळाला हात लावायचे, आणि बाई म्हणायच्या, "येऊ द्या. आपण घसा कोरडा केला, ऐकलं कुणी? बाहेरच्यांनी उणीव लिहून दिली की संस्थेला ती भरून काढावीच लागते." उणीव एकच, पण जिवावरची. प्रयोगशाळेतला धूर बाहेर ओढणारा पंखा तीन वर्षं बंद होता. गेल्या परीक्षेत एक मुलगी आम्लाच्या वाफेनं चक्कर येऊन पडली होती.

प्राचार्य म्हणजे एकेकाळी बाईंना शिकवणारे सर. त्यांनीच सांगितलं, "तू सगळं खरं लिही, पंख्याचंसुद्धा." बाईंनी विभागाचा बारा पानी अहवाल लिहिला, त्यातलं अख्खं पान पंख्यावर. रिवाजाप्रमाणे सही फक्त शेवटच्या पानावर केली. मधलं पान कुणी बदलेल, असं स्वप्नातही आलं नाही. सरांवर संशय घ्यायचा? काहीतरीच काय.

समिती मुलांशी बंद दाराआड बोलली. प्रयोगशाळा मात्र सरांनी दारातूनच दाखवली आणि पाहुण्यांना चहाला नेलं. महिन्याभरानं निकाल लागला, वरची श्रेणी. बाईंनी हौसेनं समितीला गेलेल्या आपल्या अहवालाची प्रत उघडली. पंख्याच्या पानावर लिहिलं होतं, 'दुरुस्त केला असून व्यवस्थित चालतो.' शेवटी सही त्यांचीच.

त्या तडक सरांकडे गेल्या. ते पान त्यांच्यापुढे टाकलं.

"अगं, श्रेणी घसरली असती तर प्रवेश आटले असते. तुझीच नोकरी वाचवली," सर म्हणाले.

"मग मला खरं लिहायला कशाला सांगितलंत?"

"खोट्याखाली तू सही केली असतीस का?" सर शांतपणे म्हणाले. "पुढची समिती आता पाच वर्षांनी. बस, चहा घे."

ज्या माणसाच्या शब्दावर आपण डोळे मिटून चाललो, त्यानं आपला केसानं गळा कापला. बाईंना रडूही येईना.

त्या खाली आल्या. प्रयोगशाळेबाहेर शेवटच्या वर्षाची मुलं उभी होती.

"बाई, आम्ही समितीला पंख्याचं सांगितलं होतं," एक मुलगी म्हणाली. "त्यांनी आम्हाला तुमची सही दाखवली. म्हणाले, तुमच्या बाई खोटं कशाला लिहितील?"

"ते पान माझं नाही गं."

"आणि सही?"

"सही माझीच," बाई म्हणाल्या.

मुलांनी त्यांना आत जायला वाट करून दिली. त्यांच्यामागून कुणी गेलं नाही.