अडतीस भिंतींवरचं नाव

आमच्या तालुक्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर आणखी एक नोटीस येईल, आणि नोटिसांचा माझा कोटा भरलेला आहे. लातूर जिल्ह्यात, कर्नाटकच्या अंगाला, एवढं पुरे. तालुका लहान आहे. सरकारी शाळा अडतीस, पोरं सहा हजार चारशे साठ, आणि त्या सगळ्यांच्या तब्येतीला मी एकटी, दानम्मा बिरादार, परिचारिका. शाळा तपासणीच्या पथकात कागदावर दोन डॉक्टर आहेत. एक सोडून गेला, दुसरा आलाच नाही. जीप आहे, तिला ड्रायव्हर नाही. म्हणून वजनकाटा पिशवीत घालून मी एसटीने फिरते.

माझं घर नांदेडला. नवरा रविकिरण तिथे एका लॅबमध्ये कामाला आहे, सासूबाई घर बघतात आणि आमची शिवांगी यंदा दुसरीत गेली. ती तीन वर्षांची असल्यापासून मी शनिवारी संध्याकाळी जाते आणि सोमवारी पहाटे निघते. हल्ली मी घरात पाऊल टाकलं की ती धावत आत जाते आणि तांब्या-पेला घेऊन येते, पाहुण्यांना आणतात तसं. सासूबाई कौतुकाने म्हणतात, पोरीला वळण किती छान आहे. मी ते पाणी पिते आणि पेला स्वतःच विसळून ठेवते.

गेल्या वर्षी जुलैत माझी नांदेडला बदली झाली. आदेश माझ्या पर्समध्ये आहे, घड्यांवर फाटत आला म्हणून त्याला चिकटपट्टी लावली आहे. पण नुसत्या आदेशाने काही होत नाही. इथल्या कार्यालयाने कार्यमुक्त करावं लागतं, म्हणजे आमचं या बाईशी काम संपलं असं लिहून द्यावं लागतं. आणि ते लिहून देत नाहीत, कारण माझ्या जागी कुणी आलेलं नाही. दर महिन्याला मी तालुक्याच्या साहेबांपुढे उभी राहायची, साहेब आदेश उलटसुलट करून बघायचे आणि म्हणायचे, "बघतो." आदेशाची मुदत तीस जूनपर्यंत. त्याच्या आत सोडलं नाही तर आदेश रद्द, आणि मी पुन्हा यादीच्या तळाला. मागच्या वेळी तळापासून वर यायला तीन वर्षं लागली होती. शिवांगीला मी सांगून ठेवलं होतं, एक जुलैपासून तुला शाळेत सोडायला मीच.

शाळा उघडल्या आणि चौथ्या दिवशी वरून एक तक्ता भरायला आला. लातूर आणि नांदेड, दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक तालुक्यात शाळेची पोरं किती, त्यांच्यासाठी परिचारिका किती, आणि एका परिचारिकेमागे किती पोरं. तक्ता बघून नव्या जागा मंजूर होणार होत्या. मला तर देवच पावल्यासारखं झालं. आमचा तालुका या तक्त्यात सगळ्यांत खाली असणार यात शंका नव्हती. दोन जागा मंजूर झाल्या, त्यातली एक तरी बाई महिनाअखेर आली, की मी मोकळी.

मुख्याध्यापकांकडून फॉर्म आले. कार्यालयात संगणकावर बसणारी दिपाली ते भरत होती. दुपारी तिने मला हाक मारली, तोंडावर हात ठेवून हसत होती.

"ताई, तुम्ही किती जणी हाव ठाऊक हाय का?"

मी स्क्रीनवर बघितलं. शाळेसाठी परिचारिका उपलब्ध आहे का? हो. संख्या? एक. पुढची शाळा, हो, एक. त्याच्या पुढची, हो, एक. अडतीसच्या अडतीस शाळांनी 'हो, एक' लिहिलं होतं. खाली बेरीज आली होती अडतीस. एका परिचारिकेमागे एकशे सत्तर पोरं.

हे कसं झालं ते माझ्या लगेच लक्षात आलं, आणि स्वतःचाच राग आला. दोन वर्षांपूर्वी परिपत्रक निघालं होतं, प्रत्येक शाळेच्या भिंतीवर परिचारिकेचं नाव आणि नंबर रंगवावा. बाकीच्या तालुक्यांनी ते फाईलला लावलं असेल. मी नाही. मी मारोती पेंटरला गाठलं, त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून अडतीस गावं फिरले आणि प्रत्येक भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने लिहून घेतलं: 'आपल्या शाळेची परिचारिका – दानम्मा बिरादार', खाली मोबाईल नंबर. हौस भारी. भिंतीशेजारी उभं राहून फोटो काढले, शिवांगीला पाठवले. आता फॉर्म भरताना एकेक मुख्याध्यापक खिडकीतून बाहेर बघत होता, भिंतीवर नाव दिसत होतं, आणि तो 'हो' लिहीत होता. खोटं तर कुणीच लिहिलं नव्हतं.

"हे दुरुस्त करावं लागेल," मी म्हणाले.

दिपालीने दार बंद आहे का बघितलं. "ताई, लई भोळ्या हाव तुम्ही. राहू द्या की अडतीस. अडतीसमधली एक गेली तर काय बिघडलं? सदतीस उरतेत. याच तक्त्यावर साहेबाकडून सोडून घ्या. पोरगी वाट बघून राहिली ना तिकडं?"

खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. रात्री झोपही छान लागली. सकाळी उठून मी बॅग भरायला घेतली, हे लिहायला लाज वाटते, पण घेतली.

दहाच्या सुमाराला शेंदरवाडीचे मुख्याध्यापक भागवत सर यांचा फोन आला. तिथे चौथीत साक्षी नावाची मुलगी आहे, तिला झटके येतात. गोळ्या चुकल्या की हमखास. मला भाड्याची जीप मिळून तिथे पोचायला पन्नास मिनिटं लागली. झटका तोवर थांबलेला होता, पोरगी व्हरांड्यात पडली होती, ओठ फाटलेला, आणि कुणीतरी तिच्या नाकाशी फोडलेला कांदा धरला होता. मी कांदा फेकून दिला, तिला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले आणि मला ओळखलं. "सिस्टर, तुम्ही आलाव?" म्हणाली आणि माझा पदर मुठीत धरून झोपली. फोन करण्याआधी सरांनी तिला कुशीवर वळवलं असतं तर तोंड फरशीवर आपटून ओठ फाटला नसता. ते मी त्यांना तीनदा शिकवलं होतं. पण माणूस घाबरला की विसरतो.

पदर सोडवता येईना म्हणून मी तिथेच बसून राहिले. सर पाणी घेऊन आले.

"सर, तुम्ही फॉर्मवर 'हो' का लिहिलंत?" मी विचारलं. "मी तुमच्या शाळेत महिन्यातून एकदा येते. तीही आले तर."

सर भिंतीकडे बघत म्हणाले, "पोरांसमोरच भरून राहिलो होतो फॉर्म. ही साक्षी वाचून राहिली होती माझ्या खांद्यावरून. 'नाही' कसं लिहू? पोरांना वाटंल, आपल्याला कुणीच न्हाई."

मला त्यांचा राग येईना. मी गेले तर या भिंतीवरच्या नंबराला नांदेडमध्ये रिंग वाजणार, आणि मी तिथून फोनवर सांगणार, कुशीवर वळवा. अडतीस आकडा तसाच राहिला तर इथे नवी बाई कुणी पाठवणार नाही, कधीच. शिवांगीसाठी मी काहीही केलं असतं, पण पदर त्या पोरीच्या मुठीत होता आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

दुपारी कार्यालयात येऊन मी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. तालुक्यात परिचारिका एकच असून ती मी आहे. अडतीस शाळांनी एकच नाव अडतीस वेळा मोजलं आहे. तरी तक्ता दुरुस्त व्हावा, एका परिचारिकेमागे सहा हजार चारशे साठ विद्यार्थी असे वाचावे, आणि नवीन जागा तातडीने मंजूर व्हाव्यात. खाली सही, तारीख. आवक-जावकला शिक्का मारून घेतला. दिपालीने कपाळावर हात मारला. मी म्हणाले, "अगं, खरा आकडा गेला की जागा मिळतील. जागा मिळाल्या की मी चोरासारखी नाही, राजरोस जाईन." त्या दिवशी मला फार हलकं वाटत होतं.

सत्तावीस तारखेला साहेबांनी बोलावलं. खुश दिसत होते.

"अभिनंदन, ताई. दोन्ही जिल्ह्यांत आपला तालुका पहिला. एका परिचारिकेमागे एकशे सत्तर. दुसऱ्या नंबरला अडीच हजार आहेत."

"पण साहेब, माझं पत्र?"

"पत्र मिळालं. पण त्याआधीच तक्ता वर गेला होता. वरिष्ठांनी बैठकीत नाव घेतलं आपलं. आता चूक झाली म्हणून कळवू? माझ्याकडे तीन तालुक्यांचा चार्ज आहे, ताई. माझीही दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला."

"म्हणजे नवीन जागा?"

"एकशे सत्तरला कोण देणार? जागा डोंगराकडच्या तालुक्यांना गेल्या."

"ठीक आहे. अडतीस जणी आहोत ना? मग मला सोडा. सदतीस राहतात. तीन दिवस उरलेत आदेशाचे."

साहेबांनी फाईल उघडली. वरती तक्ता होता. तो उचलून बाजूला ठेवला, आणि त्याच्या खालचं माझं पत्र माझ्यासमोर सरकवलं.

"तुम्हीच लिहून दिलंय. तालुक्यात परिचारिका एकच. सही तुमची, शिक्का आपला. हे नोंदीवर असताना मी एकमेव कर्मचारी कार्यमुक्त केला आणि उद्या एखाद्या पोराला काही झालं, तर उत्तर कोण देणार?"

माझा आवाज चढला. "साहेब, एक तर मी एकटी आहे, नाही तर आम्ही अडतीस आहोत. काय ते एकदा ठरवा. जागा मागितली की अडतीस, सोडा म्हटलं की एक, हे कसं?"

"ओरडू नका, ताई. दोन्ही कागद नोंदीवर आहेत." मग त्यांना बहुतेक माझी दया आली, कारण त्यांनी चहा सांगितला. "आणि हो, वरून टीम बघायला येणार आहे आपला तालुका. भिंतींवरची नावं फिकी पडलीत. जरा गडद करून घ्या."

मी तो चहा प्यायले. राग आला होता तरी प्यायले, कारण कप तिथेच आपटून उठून जायची हिंमत माझ्यात नव्हती. बाहेर दिपालीने नुसता माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि तेव्हा मात्र मला रडू आलं.

तीस तारखेला मी शेंदरवाडीत होते. मारोती डबा आणि ब्रश घेऊन माझं नाव पुन्हा गिरवत होता, आणि साक्षी पायरीवर बसून ते मोठ्याने वाचत होती. पर्समधल्या आदेशाला अजून पाच वाजेपर्यंतचं आयुष्य होतं. सव्वाचारला फोन वाजला. शिवांगी शाळेतून घरी आली होती.

"मम्मी, उद्या एक तारीख हाय."

"हो गं."

"माझी वेणी आजीनं घालायची का तू?"

"आजीच घालेल. मला अजून सोडलं नाही."

"का न्हाई सोडलं?"

सात वर्षांच्या पोरीला काय सांगायचं? जे होतं तेच सांगितलं. "साहेबांच्या कागदावर मी एकटी नाही, अडतीस जणी आहे. प्रत्येक शाळेत एक. तुला फोटो पाठवले होते ना, भिंतींचे? तशी."

"अडतीस मम्मी?" ती हसली. ती विचार करायला लागली की नाकाने मोठा श्वास घेते, तो मला फोनवर ऐकू येत होता.

"मग त्यातली एक इकडं पाठव की," ती म्हणाली. "बाकीच्या राहू दे तिकडं."

मारोतीने ब्रश थांबवून माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"बघते," मी म्हणाले.