मास्तरांचा शेवटचा शब्द

“ताई, लास्टला मास्तर काय बोलले?” सोनालीच्या हातात माइक देता देता रितेशने हळूच विचारलं. “एकच वाक्य सांगा. बॅनरवर टाकायचंय.”

कापडे गावच्या देवळात दीडशे माणूस शोकसभेला जमलं होतं. मास्तरांकडे शिकून मुंबईला गेलेली पोरं सकाळीच गाड्या करून आली होती; रितेश त्यांचा पुढारी. भागोजी मास्तरांनी चाळीस वर्षं देवळामागच्या माळावर लाठी आणि दांडपट्टा शिकवला. आवाज असा, की ‘पाय घट्ट!’ म्हटलं की ओढ्यापलीकडची गुरं माना वर करायची. सोनालीला त्यांनी तेराव्या वर्षी माळावर उभं केलं. पोरीच्या हातात काठी कशाला, म्हणून तिचे वडील अडून बसले, तेव्हा मास्तर घरी आले आणि म्हणाले, “तुझ्या दोन पोरग्यांत एकाला तरी सरळ उभं ऱ्हाता येतं काय? हिला येतं.” तीच सोनाली आता महाडच्या एका खासगी इस्पितळात नर्स होती. मास्तरांचे शेवटचे अकरा दिवस तिच्याच वॉर्डात गेले. म्हणून आज सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

अर्धांगवायूच्या झटक्याने मास्तरांची उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. नऊ दिवस सगुणाबाई नवऱ्याच्या उशाशी बसून होत्या. मूलबाळ नव्हतं, आणि घरी म्हैस व्यायला झाली होती. “दोन दिसांत येते गो, लक्ष ठेव,” म्हणून त्या एसटीत बसल्या. दहाव्या दिवशी मास्तरांच्या तोंडून एक शब्द फुटला. अकराव्या दिवशी दुसरा झटका आला. सगुणाबाई परत पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं.

बायकांच्या बाजूला, खांबाशी बसलेल्या सगुणाबाईंकडे सोनालीने एकदा पाहिलं. मग मान खाली घालून ती म्हणाली, “मास्तरांची वाचा गेली होती. काही बोलले नाहीत.”

रितेशचा चेहरा पडला.

सभा उठल्यावर सोनाली मास्तरांच्या घरी गेली. सगुणाबाई मागच्या पडवीत एकट्याच बसल्या होत्या.

“खोटं बोललीस ना गो?”

सोनाली दाराशीच थांबली.

“माइक धरून भुईकडं बघत व्हतीस. त्यांनी तुला आसं शिकवलं नाय. काय बोलले ते सांग मला.”

“एकच शब्द बोलले, काकी. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“कंचा?”

“सगुणा.”

सगुणाबाईंना आधी कळलंच नाही. “कोन सगुणा?”

“तुमचंच नाव. पाणी पाहिजे तरी सगुणा, कूस बदलायची तरी सगुणा. डॉक्टर तपासायला आले, त्यांना पण सगुणाच म्हणाले. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, एकच शब्द शाबूत राहतो.”

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती. घरात ‘गो’ आणि चारचौघांत ‘आमची मंडळी’. लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव मास्तरांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

“ते दिसभर हाका मारीत ऱ्हायले,” सगुणाबाई म्हणाल्या, “आन् मी हितं खरवस शिजवीत बसले.”

सोनालीला हीच धास्ती होती. म्हणून तर तिने इतके दिवस हे पोटात ठेवलं होतं. वॉर्डात रोज कुणाकुणाच्या घरच्यांची समजूत घालायची तिला सवय होती. इथे मात्र ती नुसती सगुणाबाईंच्या शेजारी खाली बसली.

मग सगुणाबाईंनी विचारलं, “कसं म्हनले?”

“म्हणजे?”

“त्यांच्यावानी म्हनून दाखव.”

सोनालीने डोळे मिटले. जीभ जड केली, ओठ एका बाजूला ओढले आणि श्वास गोळा करून ती म्हणाली, “स... गुणा.”

देवळाकडून रितेशचा आवाज येत होता. चहा घेतल्याशिवाय कुणी जाऊ नका म्हणून तो माइकवरून सांगत होता. सगुणाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आतल्या काळोख्या खोलीकडे तोंड वळवलं.

“ओ,” त्या म्हणाल्या. “आले.”