खिडकीवरचे तीन प्रश्न

कारखान्यातल्या हत्यारांच्या खोलीच्या खिडकीशी बाई बारा वर्षं बसत होत्या. तीन उत्तरं मिळाल्याशिवाय त्यांनी साधा पानासुद्धा कधी हातातून सोडला नव्हता. कोणासाठी? कशासाठी? कोणत्या मशीनवर? मग कामगाराचा पितळी बिल्ला घ्यायचा, हत्यार द्यायचं, आणि रिकाम्या खुंटीवर तो बिल्ला टांगायचा. लोक त्यांना चौकशीबाई म्हणत. पाठीमागे म्हणत, आणि घाईत असले की तोंडावरही.

नवे साहेब आले आणि दोन फर्मानं सुटली. एक, गळ्यात फोटोचं ओळखपत्र नसेल तर फाटकातून ना आत ना बाहेर, मग तो कोणी का असेना. दुसरं, परदेशी गिऱ्हाईक पाहणीला येतं, तेव्हा खिडकीवर प्रश्न इंग्रजीतच. महिनाअखेर परीक्षा, नापास झालात तर पॅकिंगमध्ये, दिवसभर उभ्यानं.

चौकशीबाईंच्या गुडघ्यांनी हे ऐकलं आणि त्याच रात्री शिकवणी सुरू झाली. शिकवायला पुतणी.

"काकू, नुसतं 'हू इज इट' नाही चालत. शेवटी 'फॉर' हवा."

"आपला 'साठी' कसा 'कोणा'चं बोट धरून चालतो. ह्यांचा मागे का राहिला? रुसलाय?"

"त्यांची पद्धतच आहे तशी."

"असू दे. रुसला तरी घरी आणायचाच."

महिनाभर भांडी घासताना त्या फॉर आणि ऑन घरी आणत राहिल्या.

परीक्षेला साहेब स्वतः खिडकीशी उभे राहिले, मागे हत्यारांसाठी थांबलेली रांग. बाईंनी तिन्ही प्रश्न विचारले, एकही शेपूट गळलं नाही.

"वा! तिन्ही बरोबर!" साहेब मोठ्यानं म्हणाले. निकालाच्या कागदावर सही करायला पेन काढलं आणि आवाज उतरवला, "बरं, ती नवी ड्रिल द्या पाहू."

बाईंचा हात खुंटीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. "हू इज इट फॉर?"

साहेब हसले. "परीक्षा संपली, बाई."

"परीक्षा संपली, खिडकी चालू आहे. हू इज इट फॉर?"

"फॉर मी."

"व्हॉट डू यू नीड इट फॉर?"

रांगेतला वेल्डर उगाच खोकला.

"घरी... पडदे लावायचेत."

"व्हिच मशीन आर यू वर्किंग ऑन?"

"मशीन कुठलं, घरची भिंत!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांचं पेन कागदावरून उचललं गेलं. "बाई, सही अजून व्हायची आहे."

"सही तुमच्या हातात, ड्रिल माझ्या. पाठवा पॅकिंगला, राहीन उभी. पण इथे बसलेय तोवर बिल्ला टाकल्याशिवाय मिळायची नाही."

"माझ्याकडे कुठला आलाय बिल्ला?"

"गळ्यात आहे की."

चिडून साहेबांनी ओळखपत्र काढून दिलं. बाईंनी ते खुंटीला टांगलं, फोटो रांगेकडे करून, आणि ड्रिल पुढे सरकवली. साहेबांनी ड्रिल उचलली, फोटोकडे पाहिलं, मग दूरच्या फाटकाकडे. ड्रिल खिडकीत परत आली.

बाईंनी ती वायरपासून टोकापर्यंत तपासली, मगच ओळखपत्र दिलं. सही झाली. न करून सांगतात कुणाला? 'तिन्ही बरोबर' ऐकणारे अठरा जण मागे उभे होते.

"पुढे या," बाई म्हणाल्या. "व्हॉट डू यू नीड इट फॉर?"

"पडद्यांसाठी नाही, बाई," वेल्डर म्हणाला.