कार्लोची शिकवणी

इटालियन लूम विकणाऱ्या एका कंपनीने भिवंडीत ऑफिस उघडलं आणि रूपाला मुलाखतीचं बोलावणं आलं. थोडीफार इटालियन येणाऱ्याला पसंती होती. रूपा थेट शेजारच्या अय्यूबचाचांकडे गेली. चाचांची उमेदीची सारी वर्षं इटालियन जहाजावर स्वयंपाक करण्यात गेली होती.

"बेटा, मला मीठ, सुरी अन् शिव्या येतात," चाचा हसले. "नोकरीचे शब्द कुठून आणू?"

पण त्यांनी तिला तसंच परत पाठवलं नाही. जहाजावरचा त्यांचा सोबती कार्लो आता जिनोआत राहत होता. निवृत्तीनंतर दोघांचं बोलणं सुटलं होतं. चाचांनी नंबर मिळवून त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि रोज संध्याकाळी शिकवणी सुरू झाली. 'लाव्होरो' म्हणजे काम, 'एस्पेरिएन्त्सा' म्हणजे अनुभव. रूपा चुकली की कार्लो हातवारे करत पुन्हा म्हणवून घ्यायचा.

मुलाखतीत रूपाने स्वतःची ओळख इटालियनमध्ये करून दिली. मध्येच एक शब्द अडला, तेव्हा "अजून शिकतेय" हेही तिने इटालियनमध्येच सांगितलं. समोरच्या बाई खुशीत हसल्या. नोकरी मिळाली.

पेढे घेऊन ती चाचांकडे धावली. कॉलवर तिने "ग्रात्सिये" म्हणत कार्लोचे आभार मानले. पलीकडे कार्लो डोळे पुसत बराच वेळ बोलत राहिला.

"चाचा, काय म्हणतायत?"

"म्हणतो, बायको गेल्यापासून संध्याकाळ खायला उठायची. आभार त्यानेच मानायला हवेत." चाचांनी पेढा उचलला. "अन् उद्याचा धडा किती वाजता, विचारतोय."