लाल पट्टीच्या खोक्यातला आवाज

दुकानाच्या पायरीवर एल्सी चहा पीत बसली होती, आणि खांबावरच्या कर्ण्यातून तिची मेलेली बहीण बोलायला लागली.

कप कलंडला. दुकानातल्या बायकांनी माना खाली घातल्या. ऑस्ट्रेलियातल्या त्या वार्लपिरी वस्तीची रीतच तशी: गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, आवाज ऐकायचा नाही. तो कधी मोकळा करायचा ते घरातल्या वडीलधारीनं ठरवायचं. चार वर्षं बहिणीच्या टेपा वस्तीच्या रेडिओच्या खोलीत, वाजवायच्या नाहीत म्हणून लाल चिकटपट्टी मारलेल्या खोक्यात पडून होत्या. वडीलधारी होती एल्सी, आणि तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं!

काठी आपटत ती पत्र्याच्या खोलीत घुसली. कार्यक्रम चालवणारी शर्लीन, तिची भाची, रडवेली झाली होती.

"मावशी, चुकलं गं! उन्हानं पट्टी सुटली होती, मला वाटलं शिकारीच्या गाण्यांची टेप."

"डोळे कुठे होते तुझे? कांगारूच्या शेपटीबरोबर भाजून खाल्लेस?"

"बंद करते."

"थांब!"

बहीण आपल्या वार्लपिरी भाषेत पाण्याची वाट सांगत होती. तांबड्या टेकडीपासून कातळातल्या झऱ्यापर्यंत, एकेक ठिकाण नावानिशी. पहिलं, दुसरं, तिसरं. नातवंडांना सांगताना एल्सी नेमकी तिसऱ्यापाशी खोकायची, कुणाला तरी ओरडायची, विषय बदलायची. चौथं तिला आठवत नव्हतं. हे तिनं कुणापाशी कबूल केलं नव्हतं.

"आता चौथं," कर्णा म्हणाला. "एल्सीताई, नीट ऐक हं. तू चालताना बडबडतेस, म्हणून तुझ्या लक्षात राहत नाही!"

टेपवर तिच्या मागे एक तरणी बाई खो-खो हसली. ते हसणं एल्सीचंच होतं, तेव्हाचं.

मग ते नाव आलं. एल्सीच्या तळव्यांना एकदम वाळूखालची ओल लागली, कोपरभर खणल्यावर लागायची तीच, गार. खिडकीबाहेर अख्खी वस्ती तांबड्या धुळीत माना खाली घालून उभी होती, पण हललं कुणी नव्हतं. सगळे तिच्या शब्दाची वाट बघत होते.

एल्सीनं माइक ओढला.

"ही माझी धाकटी बहीण, आयव्ही." चार वर्षांत ते नाव पहिल्यांदा तिच्या तोंडून निघालं. "वर बघा. पोरांना पुढे आणा. चौथं ठिकाण मी विसरले होते."

शर्लीन आ वासून बघत राहिली.

"बघतेस काय? टेप मागे घे. मला पुन्हा ऐकायचंय."