घाटाईचा मान

आमच्या बीड जिल्ह्यात थाप मारायची तर पाण्याची मारावी. कोरड्याचं काय सांगणार, ते प्रत्येकाच्या दारात पडलेलंच असतं. म्हणून माझ्या सगळ्या गोष्टी ओल्या. धारूरला आमच्या आज्याची विहीर होती. तिच्यात दसऱ्याला सोडलेली बादली दिवाळीला पाण्याला टेकायची आणि वर ओढेपर्यंत संक्रांत यायची, तोवर बादलीतले मासे ताटाएवढे झालेले असायचे. खोटं वाटत असेल तर चला दाखवतो. विहीर बुजवली, पण जागा तीच आहे.

तर ही गोष्ट सौरभच्या लग्नाला जाताना घडली, आणि ती कोरडी राहावी म्हणून मी जेवढा घाम गाळला तेवढा उभ्या जन्मात शेतात गाळला नाही.

सौरभ माझ्या थोरल्या भावाचा नातू. वाळूजला कंपनीत आहे. आमची अर्धी भावकी आता तिकडंच राहते, सुना मात्र अजून इकडच्याच करते. नवरी चौसाळ्याची, लग्नही चौसाळ्यालाच. वाळूजहून वऱ्हाडाची बस पुढं गेली आणि मागून नवरदेवाची गाडी निघाली. चालवायला गावचा पप्पू, त्याच्या शेजारी फेटा बांधून मोबाइलवर नवरीशी बोलणारा सौरभ. मागच्या सीटवर एका खिडकीशी मी, दुसऱ्या खिडकीशी माझी पुतणी छबुबाई, म्हणजे सौरभची आत्या, आणि आमच्या मधोमध राजनंदिनी.

राजनंदिनी सात वर्षांची, सौरभची चुलत बहीण. त्याला सख्खी बहीण नाही, म्हणून करवलीचा मान हिच्याकडं आला. अंगावर शिवून घेतलेली नऊवारी, नाकात दाबून बसवलेली नथ, आणि मांडीवर दोन्ही हातांनी धरलेला कऱ्हा. म्हणजे पाण्यानं भरलेला तांब्या, त्यात विड्याची पानं आणि वर नारळ. लग्नात हा कऱ्हा घेऊन नवरदेवाच्या मागं उभं राहायचं, यासाठी तिनं आणि तिच्या चुलतबहिणीनं, रोहिणीनं, महिनाभर एकमेकींशी बोलणं सोडलं होतं.

छबुबाईला सगळ्या रीती पाठ. कुणाच्या घरी काय कुठल्या हातानं द्यायचं, हे तिला झोपेतून उठवून विचारा. तिनं निघतानाच सगळ्यांना बजावलं होतं. नवरदेवाच्या गाडीनं आपली शीव ओलांडली की नवरीची शीव येईपर्यंत थांबायचं नाही. करवलीनं कऱ्हा खाली टेकवायचा नाही. आणि दुसरीच्या हाती दिला, तर मानही त्या दुसरीचा. ही रीत बैलगाडीच्या काळातली. तेव्हा नवरी ओढ्यापलीकडची असायची, तोंडातला विडा संपायच्या आत वरात पोचायची. आता मधे अर्धा मराठवाडा येतो. रस्ता लांबला, रीत होती तेवढीच राहिली.

त्यात पप्पूनं निघताना पोरीच्या हातात आंब्याच्या रसाची थंड बाटली दिली. तिनं ती पाचोड यायच्या आत संपवली.

शहागडच्या पुलावर खाली गोदावरी दिसली आणि राजनंदिनी माझ्या कानाशी आली.

"आबा, एकीला लागलीय."

मी म्हटलं, त्यात काय, आत्याला सांगतो, थांबू कुठंतरी. तर तिनं कऱ्ह्यावरचा एक हात काढून माझं बोट असं आवळलं की अंगठी रुतली.

"नको सांगू. आत्या कऱ्हा रोहिणीला देईल."

आणि ती देणार होती. छबुबाईला मी ओळखतो. पोर तिची लाडकी होती, पण रीत तिच्याहून लाडकी.

मग मी माझ्यावर घेतलं. पप्पूला म्हटलं, बाबा, म्हातारा माणूस आहे, गेवराईच्या पंपावर जरा उभी कर. पप्पूनं पाय सैल केला, तोच छबुबाई कडाडली. पहाटे तीन कप चहा कुणी प्यायला, हे तिनं सगळ्यांना ऐकवलं. मग खिडकीकडं तोंड करून हळू म्हणाली, "बायामाणसं कशी येत्यात, तात्या? मी कालच्या सांजेपसून घोटभर पाणी घेतलं न्हाई. ते कावून?"

पंप मागं गेला.

आता उरली माझी गोष्ट. पोरीचं ध्यान दुसरीकडं वळवावं म्हणून मी सुरुवात केली, की एकदा सिंदफणेला असा पूर आला, असा पूर आला. राजनंदिनीनं डोळे मिटले. ओठ हलवून म्हणाली, पाणी नको. मग मी विहिरीवर आलो, विहिरीवरून गारांवर, गारांवरून आमच्या म्हशीवर, जी एका धारेत घागर भरायची. पोर प्रत्येक गोष्टीला आणखी आक्रसत होती. सत्तर वर्षं थापा मारल्या आणि त्यात एक कोरडी नव्हती, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी एक सापडली. परळीकडच्या राखेत एक काळी म्हैस लोळली आणि पांढरी होऊन घरी आली. मालकानं ती परकी गाय म्हणून हाकलली, तर ती शेजारणीच्या दावणीला जाऊन उभी राहिली आणि शेजारीण तिला ओवाळायला लागली. पोर खुदकन हसली आणि लगेच तिचा चेहरा पांढरा पडला. हसणंही आता परवडणारं नव्हतं.

टोलनाका आला. त्याच्या अलीकडं रस्त्यावर ते पांढरे उंचवटे असतात. गाडी त्यांवरून गेली की दाढा वाजतात. प्रत्येक उंचवट्याला कऱ्ह्यातलं पाणी डुचमळायचं आणि पोरीचा श्वास अडकायचा. बीड बाहेरच्या रस्त्यानं मागं पडलं. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. रुंदीकरणात जुनी कडुलिंबं गेली, आडोसा म्हणून एक झुडूप नाही. मांजरसुंब्याचा घाट लागला तेव्हा राजनंदिनी बोलायची थांबली होती. नथ ओठावर घसरली होती, डोळे भरले होते, पायांची अढी पडली होती. आता डोळ्यांतून आधी येतं की खालून, एवढाच प्रश्न होता. भरल्या मांडवात ओल्या लुगड्यानं उभं राहावं लागलं असतं तर ती पोर पुढं कुठल्या लग्नाला गेली नसती.

मी घाटाकडं पाहून हात जोडले, डोळे मिटले आणि पुटपुटायला लागलो.

छबुबाईनं विचारलं, कुणाला?

"घाटाईला," मी म्हटलं.

कोण घाटाई, असं ती म्हणणार होती. तिचं तोंड तसं उघडलंही. पण मी तिच्याकडं असं पाहिलं, जसं ती पाटावर उलट्या तोंडानं बसलेल्या नवरदेवाकडं पाहते. म्हटलं, तू मानाची आत्या, आणि घाटाई ठाऊक नाही? रीत माहीत नाही हे वाक्य छबुबाईच्या जिभेवर कधी आलेलं नाही. त्या दिवशीही आलं नाही.

"म्हाईत हाय की," ती म्हणाली. "ध्यानातून गेलतं."

मग मी रीत सांगितली, आणि सांगता सांगता तयार केली. घाट चढून गेला की नवरदेवाच्या गाडीनं थांबायचं, ही एकच सूट आहे. करवलीनं आडोशाला जाऊन घाटाईला गाऱ्हाणं सांगायचं. पुरुषांनी तिकडं बघायचं नाही. गाऱ्हाणं दोन्ही हात जोडून सांगायचं असतं, म्हणून तोवर कऱ्हा गाडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानं धरायचा, तोंड फिरवून. ते हातबदल धरत नाहीत. नऊवारीचे हूक पाठीमागं होते, ते मला आठवलं, म्हणून घाईनं जोडलं, की करवलीबरोबर एक सवाष्ण लागते.

सौरभ पुढून म्हणाला, "आबा, ही घाटाई मोबाइलवर दिसत न्हाई."

पप्पूनं आरशात माझ्याकडं पाहिलं, मग पोरीकडं. पोरगा शहाणा. म्हणाला, "मागच्या वऱ्हाडात मी थांबलो न्हाई, तर चौसाळ्याच्या अलीकडं टायर फुटलं."

"माजी सासू सांगायची," छबुबाई म्हणाली. "चौसाळ्याच्या अलीकडंच फुटतं."

बैलगाडीच्या काळातल्या तिच्या सासूला टायर कुठून ठाऊक, हे मी विचारलं नाही. घाट संपला. माळावर एका रानात कडब्याची मोठी गंजी रचलेली होती. पप्पूनं गाडी कडेला घेतली. मी कऱ्हा हातात घेतला तेव्हा राजनंदिनीची बोटं एकेक करून सोडवावी लागली. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हटलं, "तुझाच हाय. मी फकस्त खुंटी."

गंजीजवळ रानाची मालकीण होती. जाईबाई नाव तिचं, ते नंतर कळलं. नटलेली पोर पळत येतेय आणि मागून छबुबाई लुगडं सावरत येतेय, हे बघून तिनं काय झालं म्हणून विचारलं. छबुबाईनं मोठ्या आवाजात घाटाईचा मान सांगितला, सासूसकट.

जाईबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माज्या रानात रोज हाय की ह्यो मान. गाड्यावर गाड्या थांबत्यात. हिकडून या, तिकडं काटे हायेत." आणि तिनं स्वतःचा पदर हातभर पसरून आडोसा धरला.

मी हायवेच्या कडेला, रानाकडं पाठ करून, दोन्ही हातांत कऱ्हा धरून उभा. समोरून मालट्रक चालले होते. पहिल्यानं हॉर्न वाजवला. दुसऱ्यानं जाता जाता हात जोडले. तिसरा तर थांबला, खाली उतरला, चप्पल काढून माझ्या पाया पडला आणि विचारलं, महाराज, स्थान कुठलं? मी डोळ्यांनीच म्हटलं, चालू लाग. हे पप्पूनं पाहिलंय. चौथ्यानं नारळ फोडला ते पप्पूनं पाहिलं नाही, कारण तो तेव्हा दुसऱ्या बाजूला तोंड करून स्वतःचं गाऱ्हाणं सांगत होता.

राजनंदिनी आली. जाताना वाकलेली पोर येताना ताठ चालत होती. नथ तिनं स्वतःच जागेवर दाबली. माझ्या हातातून कऱ्हा घेतला, नारळ सरळ केला आणि गाडीत जाऊन बसली. जाता जाता माझ्या हाताला गाल लावून गेली.

छबुबाई मात्र येईना. सौरभ घड्याळ बघायला लागला. पप्पूनं हॉर्नवर हात ठेवला तो मी काढायला लावला. बऱ्याच वेळानं ती गंजीच्या मागून आली. मागं जाईबाई रिकामी घागर घेऊन. छबुबाईच्या कपाळावर निघाल्यापासून ज्या आठ्या होत्या, त्या सगळ्या गंजीमागं राहिल्या होत्या.

गाडी सुरू झाली. ती म्हणाली, "बाटली द्या."

मी पाण्याची बाटली दिली. तिनं तोंडाला लावली ती तळ दिसेपर्यंत खाली घेतली नाही. कालच्या सांजेपासूनचं पाणी ते.

चौसाळ्याच्या शिवेवर रोहिणी बसमधून उतरून आमची वाट बघत उभी होती, कऱ्हा आला की नाही ते पाहायला. राजनंदिनीनं तो तिच्या नाकासमोरून नेला. अक्षता पडेपर्यंत ती नवरदेवाच्या मागं उभी होती आणि कुणी न विचारताच जवळच्या बायांना सांगत होती, की आम्ही घाटाईला गाऱ्हाणं घालून आलोय. बायांनी काय गाऱ्हाणं घातलं असं विचारलं, तर म्हणाली, ते सांगायचं नसतं.

वर्षभरानं भावकीतल्या अभिमन्यूचं लग्न निघालं, तेही याच रस्त्यानं. मी विसरलो होतो. घाट चढला आणि पुढची बस आपोआप थांबली. छबुबाई दारात उभी राहून सांगत होती, पुरुषांनी पलीकडं बघा, घाटाईचा मान हाय. बसमधून बाया उतरल्या. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, नव्या सुना, पंजाबी ड्रेसमधल्या पोरी. एकेक सवाष्ण, आणि सवाष्ण नसलेल्याही, कारण छबुबाईनं ती अट काढून टाकली होती. गंजीशेजारी जाईबाईनं बांबूच्या तट्ट्याची भिंत उभी केली होती, आत पाण्याचा रांजण, आणि दारात एका दगडाला हळदकुंकू. बाया आत जाताना हात जोडत होत्या. येताना हसत होत्या. कऱ्हा त्या साली माझ्याकडंच होता.

सगळ्यांच्या शेवटी छबुबाई आली. माझ्याजवळ उभी राहिली, बाटली उघडून दोन घोट घेतले आणि इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला.

"तात्या, एक इचारू? ह्या घाटाईला बहीण हाय का? गेवराईच्या अलीकडं?"

मी जरा आठवल्यासारखं केलं.

"सात हायेत," मी म्हटलं. "पहिली पाचोडच्या आधीच बसती."